मृत्यूचे साल आणि ग्रंथाची मोकळीक : संगणकयुगातील स्वामित्वहक्काचा कायदा व मराठी वाङ्मय

‘कॉपीराइट’ या शब्दासाठी मराठीत आजवर एकच एक पर्याय स्थिरावलेला नाही. जुन्या ग्रंथांच्या शीर्षकपानामागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ अशी मोघम ओळ असे. पुढे ‘ग्रंथस्वामित्व’, ‘लेखाधिकार’, ‘स्वामित्वहक्क’ हे शब्द वापरात आले आणि अलीकडे ‘प्रताधिकार’ हा शब्दही रूढ होऊ लागला आहे. हा केवळ परिभाषेचा घोळ नव्हे. ‘स्वामित्व’ म्हटले की ग्रंथ ही शेतघरासारखी मालमत्ता ठरते. ‘प्रताधिकार’ म्हटले की कायद्याचा रोख ग्रंथावर नसून त्याच्या प्रती काढण्याच्या कृतीवर आहे, हे ध्यानात येते. छपाईच्या काळात या दोन कल्पनांतील अंतर वाचकाला जाणवण्याचे कारण नव्हते. वाचनालयातून आणलेले पुस्तक वाचताना, शेजाऱ्याला देताना, फार काय रद्दीत विकतानाही नवी प्रत निर्माण होत नाही. म्हणून कायदा त्या व्यवहारात उतरतच नसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र प्रत निघाल्याखेरीज वाचन होत नाही. मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उतरतो, तेव्हाच तो दिसतो. मुद्रक-प्रकाशकांच्या व्यवहाराचे नियमन करण्यासाठी जन्मलेला कायदा अशा रीतीने वाचकाच्या आणि अभ्यासकाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या विषयाची मराठीत जी चर्चा होते ती बहुधा चोरट्या प्रतींची असते. नव्या कादंबरीची छायाप्रत आठवड्याभरात हातोहात फिरू लागते, दिवाळी अंक बाजारात येताच त्याची पाने भ्रमणध्वनीवरून पसरतात, ही प्रकाशकांची तक्रार खोटी नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकापुढील प्रश्न याहून वेगळा आहे. ज्यांना आज कोणी चोरूही इच्छित नाही, अशा हजारो मराठी पुस्तकांचे आणि नियतकालिकांचे काय करायचे? ती बाजारात नाहीत, त्यांचे कागद पिवळे पडून तुटत आहेत आणि संगणकाने ती जतन करून अभ्यासकापर्यंत पोहोचवणे तांत्रिकदृष्ट्या सहजसाध्य झाले आहे. तरीही ती पोहोचत नाहीत. याचे मुख्य कारण लेखकांच्या वारसांचा लोभ हे नाही. कायद्याने ग्रंथाची मोकळीक लेखकाच्या मृत्यूच्या सालाशी बांधली आहे आणि मराठीतील असंख्य लेखकांचे मृत्यूचे साल कोणी नोंदवूनच ठेवलेले नाही, हे ते कारण आहे. कायद्यात सुधारणा व्हायची तर ती कोठे व्हावी, हे या गाठीवरूनच ठरवावे लागेल.

प्रथम मुदतीचा इतिहास थोडक्यात पाहू. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्याने लेखकाचे आयुष्य व पुढे ७ वर्षे, किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांतील जी मुदत अधिक असेल ती मान्य केली होती. मात्र ग्रंथाची नोंदणी केल्याखेरीज दावा लावता येत नसे. १९१४ मध्ये ब्रिटनचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह हिंदुस्थानात लागू झाला आणि मुदत लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षांवर गेली. नोंदणीची अट गेली. ही अट जाणे लेखकाच्या सोयीचे झाले हे खरे, पण त्याचबरोबर हक्क कोणाकडे आहे हे सांगणारी अधिकृत वहीदेखील गेली. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला; त्यानेही ५० वर्षेच ठेवली. आजची ६० वर्षे १९९२ च्या दुरुस्तीने आली आणि तिची कथा मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रवींद्रनाथ ठाकूर ७ ऑगस्ट १९४१ रोजी निवर्तले. त्यांच्या ग्रंथांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होते. अखेरच्या आठवड्यात वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला आणि मुदत दहा वर्षांनी वाढली. ती केवळ रवींद्रनाथांसाठी वाढवता येणे शक्य नसल्यामुळे सर्वांसाठीच वाढली. आता त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९४१ रोजी, ग्वाल्हेरला भा. रा. तांबे यांचे निधन झाले होते. तांब्यांची कविता १ जानेवारी १९९२ रोजी मोकळी व्हायची, ती १ जानेवारी २००२ रोजी झाली. माधव जूलियन तांब्यांच्या दोनच वर्षे आधी, नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले. त्यांची कविता जुन्या हिशेबाने १ जानेवारी १९९० रोजीच मोकळी झालेली होती आणि मोकळी झालेली वस्तू नव्या कायद्याने पुन्हा बांधली गेली नाही. दोन समकालीन कवींच्या निधनांत दोन वर्षांचे अंतर, पण त्यांच्या कवितेच्या मोकळिकीत बारा वर्षांचे. बंगालमधील एका संस्थेच्या उत्पन्नाची चिंता दिल्लीत केली गेली आणि तिचा परिणाम मराठी कवितेवर झाला. याची नोंद त्या वेळच्या मराठी साहित्यविश्वात कितीशी घेतली गेली असेल, कोण जाणे.

हे नियम कागदावर साधे दिसतात. निधनाचे वर्ष सोडून पुढील वर्षापासून ६० मोजायची, एवढेच. पण प्रत्यक्ष ग्रंथ हाती घेतला की गुंतागुंत सुरू होते. नाशिककरांना जवळचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचे निधन नाशिक येथे २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले. ‘स्मृतिचित्रे’ १९८७ च्या आरंभी मोकळी झाली. परंतु ‘स्मृतिचित्रे’ म्हणून आज जे पुस्तक आपल्या हाती येते, ते सर्वच मोकळे आहे असे नव्हे. अशोक देवदत्त टिळक यांनी संपादिलेल्या आवृत्तीतील टिपा व प्रस्तावना यांचे हक्क संपादकाचे. जोसेफिन इंक्स्टर यांचा १९५० चा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद आणि शांता गोखले यांचा २०१७ चा अनुवाद, यांची मुदत ज्या-त्या अनुवादिकेच्या आयुष्यावरून मोजावयाची. ‘ख्रिस्तायना’चे उदाहरण तर परीक्षेत घालावे असे आहे. आरंभीचे अध्याय रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, पुढील बहुतेक लक्ष्मीबाईंचे आणि अखेरचा देवदत्त टिळकांचा. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अध्याय १९७० पासून मोकळे. लक्ष्मीबाईंच्या अध्यायांना ग्रंथरूप १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर मिळाले, म्हणून तेथे मरणोत्तर प्रकाशनाचे कलम २४ विचारात येते आणि मुदत निधनाऐवजी प्रकाशनापासून मोजावी लागते. देवदत्तांचा अध्याय त्यांच्या स्वतःच्या निधनवर्षावर अवलंबून. एका काव्याच्या तीन खंडांना तीन निरनिराळे हिशेब लागतात, आणि हे ज्या घराण्याची चरित्रे बारकाईने लिहिली गेली आहेत, त्या घराण्याच्या बाबतीत.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. पुस्तक १ जानेवारी २०११ पासून मोकळे झाले आणि निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आल्या. मोकळिकीचा हा फायदा निर्विवाद आहे. तिची दुसरी बाजूही येथेच सांगितली पाहिजे. मोकळ्या झालेल्या ग्रंथाच्या संहितेची राखण करणे व्यवहारात कोणाचेच काम राहत नाही. शब्द गाळलेले, प्रकरणे छाटलेली, शुद्धलेखन परस्पर बदललेली आवृत्ती मूळ म्हणून विकली जाऊ शकते, आणि संगणकावर तर पहिली चुकीची प्रतच सर्वत्र पसरते. कलम ५७ ने लेखकाला दिलेले विशेष हक्क त्याच्या प्रतिनिधींना बजावता येतात खरे. पण अनुस्वारासाठी न्यायालयात कोण जाणार? हे काम संहिताचिकित्सेचे आहे आणि ते विद्यापीठांचेच आहे.

नाशिकच्या परिसरातच मुदतीची सर्व रूपे पाहावयास मिळतात. भगूरला जन्मलेले विनायक दामोदर सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे त्यांचे वाङ्मय २०५९ च्या अखेरीपर्यंत संरक्षित. ‘विशाखा’ १९४२ ची आहे. प्रकाशनापासून मोजले तर तिच्यावरील हक्क ११७ वर्षे टिकेल. बाबूराव बागुल २००८ मध्ये निवर्तले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा संग्रह २०६८ अखेर. ज्यांचे वारस, संस्था, प्रकाशक ठाऊक आहेत, अशा या लेखकांच्या बाबतीत मुदत लांब असली तरी मार्ग बंद नसतो; परवानगी मागता येते आणि बहुधा मिळते.

मार्ग बंद होतो तो त्यांच्याबद्दल, ज्यांचे नाव वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही येत नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध करून १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांचा जो लेखाजोखा मांडला, त्याला तोड नाही. परंतु सूचीचा विषय ग्रंथ हा आहे. तिच्यातून ग्रंथाचे प्रकाशनवर्ष कळते, ग्रंथकाराचे निधनवर्ष हा तिचा विषय नव्हे. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश आणि गं. दे. खानोलकरांचे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ यांतून मिळेल तेवढे मिळते. त्यापलीकडे १९३८ साली एखादे शेतकीवरचे पुस्तक, एखादे संगीत नाटक, एखाद्या शिक्षिकेचा एकमेव कवितासंग्रह प्रसिद्ध झालेला असतो आणि लेखक त्यानंतर कधी निवर्तला हे सांगणारे कोणी नसते. तो १९४५ मध्ये गेला असेल तर पुस्तक मोकळे आहे; १९८५ मध्ये गेला असेल तर २०४५ अखेर नाही. सावध ग्रंथपाल अशा वेळी दुसरा पर्याय खरा मानतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण कायद्यात दंडाची तरतूद आहे, शोध घेतल्याबद्दलची सवलत नाही. अशा ग्रंथांना इतरत्र ‘अनाथ’ म्हणतात. आपला ‘बेवारस’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. फक्त येथे वारस नसतो असे नाही, तो सापडत नसतो, आणि पुष्कळदा आपण वारस आहोत हे त्यालाही माहीत नसते.

नियतकालिकांत ही अडचण अनेक पटींनी वाढते. ‘विविधज्ञानविस्तारा’पासून १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’पर्यंत मराठी साहित्यविचाराचा मोठा भाग मासिकांच्या पानांत आहे. मासिकाचा अंक हा कायद्याच्या दृष्टीने एक ग्रंथ नसतो. संकलन म्हणून त्याचा एक हक्क, आणि आतल्या प्रत्येक कथा-कविता-लेखाचा स्वतंत्र हक्क, प्रत्येकाची मुदत वेगळी. एका अंकात वीस लेखक असतील तर वीस मृत्युवर्षे शोधावयाची. त्यात टोपणनावांची मराठीला हौस. कलम २३ नुसार निनावी वा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. मात्र ती संपण्यापूर्वी लेखकाची ओळख प्रकट झाली तर पुन्हा निधनानंतर ६० वर्षे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आले. ही विभावरी कोण, हे गूढ तसेच राहिले असते तर तेव्हाच्या ५० वर्षांच्या हिशेबाने पुस्तक १९८४ मध्येच मोकळे झाले असते. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे उघड झाले. त्या २००१ मध्ये निवर्तल्या आणि मुदत २०६१ च्या अखेरीपर्यंत गेली. संशोधकांसाठी यातील एक बारीक मुद्दा सांगण्याजोगा आहे. ओळख ‘प्रकट’ झाली असे कायदा केव्हा मानतो? लेखक व प्रकाशक दोघांनी ती जाहीर केली तर, किंवा स्वतः लेखकाने ती अधिकृत मंडळापुढे सिद्ध केली तर. अभ्यासकाने शैलीवरून, पत्रव्यवहारावरून कितीही खात्रीने टोपणनावामागचा लेखक शोधला, तरी त्या शोधाने मुदत वाढत नाही. वाङ्मयीन सत्य आणि कायदेशीर सत्य यांतील हे अंतर या एका बाबतीत तरी अभ्यासकाच्या पथ्यावर पडणारे आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने संगणकयुगाची दखल घेतली असे म्हणतात, आणि ते अंशतः खरे आहे. कलम ५२ मधील नव्या तरतुदीनुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याजवळ छापील प्रत असेल तर, ती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांना ही मोठी मुभा आहे. पण ‘साठवता येते’ एवढेच. साठवलेली प्रत वाचकाला पडद्यावर दाखवावी काय, शेजारच्या गावातील वाचनालयाला पाठवावी काय, याविषयी तरतूद बोलत नाही. जपलेले पण न दाखवता येणारे पुस्तक, ही आपल्याकडील देव्हाऱ्यातल्या बांधलेल्या पोथीसारखी अवस्था झाली. त्याच कलमात भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढण्याची मुभा आहे. तिचा उपयोग महाराष्ट्रात फार कमी होतो असे वाटते, आणि तो होण्यास काहीच हरकत नाही. वर्गातील अध्यापनासाठी उतारे काढून देण्याबाबत तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात, अध्यापकांना आश्वस्त करणारा निर्णय दिलेला आहे.

बेवारस ग्रंथांसाठी कलम ३१ क आहे. लेखक मृत वा अज्ञात असेल, किंवा हक्कधारक सापडत नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. २०१२ पासून प्रकाशित ग्रंथांनाही ही सोय लागू झाली. पण पद्धत पाहा. अर्जदाराने आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला मनोदय जाहीर करावयाचा. भाषांतरासाठी अर्ज असेल तरच त्या भाषेतील दैनिकातही. धुळ्याच्या वा सिन्नरच्या एखाद्या विस्मृत लेखकाचा नातू इंग्रजी दैनिकातील जाहिरात पाहून पुढे येईल, ही कल्पना ज्याला सुचली त्याने मराठी लेखकाचे घर पाहिलेले नसावे. अर्ज ज्या मंडळाकडे करायचा ते कॉपीराइट मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या मंडळात विलीन झाले, ते दुसरे मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले आणि काम न्यायालयांकडे आले. एका पन्नास पानी कवितासंग्रहासाठी जाहिरात, अर्ज, वकील, सुनावणी आणि ठरेल ती रक्कम, एवढा खर्च कोणतेही वाचनालय करणार नाही. पुस्तके हजारो असतील तर विचारच नको.

करारांकडेही एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. जुना मराठी लेखक बहुधा एकरकमी मानधन घेऊन पुस्तक प्रकाशकाच्या स्वाधीन करी. अनेकदा लेखी करारही नसे. कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक महत्त्वाचे वाक्य घातले : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क हस्तांतरित होत नाहीत. जुन्या करारांना हे वाक्य कितपत लागू पडते याविषयी मतभेदाला जागा आहे. पण १९७० साली ‘सर्व हक्क’ देणाऱ्या लेखकाने इलेक्ट्रॉनिक आवृत्तीचेही हक्क दिले, असे आज कोणा प्रकाशकाने गृहीत धरू नये. लेखकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. ग्रंथाच्या दृष्टीने मात्र प्रकाशकाजवळ छापण्याचा हक्क आणि वारसांजवळ पडद्यावर आणण्याचा, अशी वाटणी होऊन आणखी एक माग काढणे वाढते.

येथवरचे विवेचन वाचून, वारसांचे हक्क ही केवळ अडगळ आहे असा समज होऊ नये म्हणून वामनदादा कर्डकांचा उल्लेख करतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा २००४ मध्ये निवर्तले. त्यांची गीते गायनपार्ट्यांनी गावोगाव नेली, ध्वनिफितींवर आली आणि आता दृक्‌श्राव्य संकेतस्थळांवर त्यांची गणती करणे कठीण आहे. गीताच्या शेवटी येणारी ‘वामन’ ही नाममुद्रा हाच या परंपरेतील कर्तृत्वाचा दाखला. संतकवितेपासून चालत आलेली ती रीत कोणत्याही कायद्याआधीची आहे. चळवळीच्या मंचावर गीत मोकळेपणाने गायले जावे, यातच शाहिराची धन्यता होती. पण तेच गीत यंत्रावर चढवून जाहिरातींचे उत्पन्न मिळू लागले की प्रश्न बदलतो. ते उत्पन्न ज्याने चित्रफीत चढवली त्याच्याकडे जाते, कवीच्या नावाचा उल्लेख राहील की नाही हे त्याच्या मर्जीवर, आणि शेवटचे कडवे वेळेअभावी कापले तर नाममुद्राही जाते. कायद्याने २०६४ च्या अखेरीपर्यंत हक्क दिलेला आहे. तो वसूल करण्याचे साधन दिलेले नाही. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज नाही तेथे ते घट्ट आणि जेथे आहे तेथे सैल, अशी आजची स्थिती आहे.

सुधारणेच्या शक्यतांचा विचार करताना ‘आंतरराष्ट्रीय करारांनी आपले हात बांधले आहेत’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. ते पूर्णतः बरोबर नाही. बर्न कराराची किमान मर्यादा निधनानंतर ५० वर्षांची आहे. वरची १० वर्षे आपण आपखुशीने घेतलेली आहेत. शिवाय नोंदणीसारख्या अटी घालू नयेत हे बर्नचे बंधन परदेशी ग्रंथांबाबत आहे. ग्रंथाच्या उगमदेशात त्याला कोणते नियम लावावेत हे त्या देशाच्या कायद्याने ठरते. मराठी ग्रंथाचा उगमदेश भारतच. तेव्हा निदान या अखेरच्या १० वर्षांसाठी तरी ‘हक्क हवा असेल त्याने एका साध्या अर्जाने नोंद करावी’ अशी अट घालणे अशक्य नाही. ज्यांना हक्काची किंमत आहे ते नोंद करतील. जे करणार नाहीत त्यांच्या पूर्वजांची पुस्तके मोकळी होतील, आणि हरवलेली वहीही परत मिळेल.

दुसरी शक्यता आपल्याच जुन्या कायद्यात होती. १९११ च्या ब्रिटिश कायद्यातून आलेल्या परंतुकानुसार, लेखकाच्या निधनानंतर २५ वर्षे लोटली की कोणालाही रीतसर सूचना देऊन प्रकाशित ग्रंथ पुन्हा छापता येई. अट एकच, छापील किमतीच्या दहा टक्के मानधन हक्कधारकाला द्यावयाचे. नकाराचा अधिकार जाई, मोबदल्याचा राही. १९५७ च्या कायद्याने ही सोय गेली. बाजारात नसलेल्या ग्रंथांपुरती ती परत आणली तर वारसाचे काही बिघडत नाही. तिसरा मार्ग युरोपचा. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने विक्रीतून गेलेले ग्रंथ ग्रंथालयांना संगणकावर खुले करण्याची मुभा दिली. हक्कधारकाला नको असेल तर त्याने कळवावे, ग्रंथ काढून घेतला जाईल. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याआधीच हक्कधारकांच्या संघटनेशी करार करून विसाव्या शतकातील नॉर्वेजियन पुस्तके आपल्या नागरिकांना घरबसल्या उपलब्ध केली आहेत. नॉर्वेची लोकसंख्या ५०-५५ लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. अडचण भाषेच्या लहानपणाची नाही. तिकडे सर्व लेखकांच्या वतीने बोलणारी एक संघटना होती, आपल्याकडे गीतकार-संगीतकारांसाठी तशी व्यवस्था आहे, मराठी ग्रंथकारांसाठी नाही.

यंत्राला भाषा शिकवण्याचा नवा प्रश्न याच गाठीपाशी येऊन थांबतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा सरसकट परवाना व त्याबदली मानधन अशी शिफारस मांडली. मानधन गोळा होईल. पण मराठी मजकुराचे मानधन कोणाला वाटणार? ज्यांची नावे-गावे नोंदलेली आहेत त्यांना. यंत्राला आज मोकळेपणाने मिळणारे मराठी ग्रंथवाङ्मय मुख्यतः १९६५ पर्यंत निवर्तलेल्या लेखकांचे, म्हणजे चिं. वि. जोशी आणि मामा वरेरकर यांच्यापर्यंतचे. साठोत्तरी बोली, दलित साहित्य, ग्रामीण कथा हे सारे त्या कुंपणाबाहेर. यंत्राचे मराठी एकीकडे जुने ग्रांथिक आणि दुसरीकडे वर्तमानपत्री झाले तर त्याचे नवल वाटू नये.

कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे आणि तो केव्हा बदलेल हे कोणी सांगू शकत नाही. लेखकांच्या निधनवर्षांची नोंद करणे मात्र मराठी विभागांच्या हाती आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. त्याच त्या कादंबरीकारांवर प्रबंधिका लिहून घेण्याऐवजी एम.ए.च्या चार विद्यार्थ्यांना एकेक जिल्हा दिला तर दोन वर्षांत काही शेकडा नावे सहज निश्चित होतील. साधने फार लांब नाहीत : स्थानिक वृत्तपत्रांतील निधनवार्ता, मासिकांतील श्रद्धांजलीची पाने, साहित्यसंस्थांचे व संमेलनांचे शोकप्रस्ताव, शाळांची सेवापुस्तके, आणि जेथे घर सापडेल तेथे घरची माणसे. वहीत रकाने पाच पुरेत : लेखकाचे नाव, टोपणनावे, निधनाची तारीख, ती कोठून मिळाली, आणि वारसांपैकी कोणाशी संपर्क होऊ शकतो. आरंभ १९६६ सालापासून करावा. त्या वर्षी गेलेल्यांची हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०२७ रोजी मोकळी होणार आहेत. सावरकरांचे साल सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी गेलेल्या बाकीच्या मराठी लेखकांची यादी अजून कोणी केलेली नाही.